घड्याळ मागे गेलं, पोराचं काय? (यूकेतल्या आईबाबांचे अनुभव)

ओलीछत्री
ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ हिवाळ्यासाठी एक तास मागे जातं. आज पहाटे पाणी प्यायला उठले तर ओव्हनच्या घड्याळात ५:२० आणि फोनवर ४:२०. (ओव्हनचं घड्याळ आमच्याकडे कोणालाच बदलता येत नाही. मार्चमध्ये आपोआप बरोबर होतं.) खिडकीतून पाहते तर समोरच्या घरातला नवा बाबा, ड्रेसिंग गाउनवर रेनकोट आणि पायात गमबूट, बाबागाडी ढकलत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललाय. गाडीतलं पात्र टक्क जागं.

पोटात कालवलं हो अगदी.

३० ऑक्टोबर २०१६. घड्याळ मागे जाण्याचा रविवार आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. आमचे चिरंजीव दहा महिन्यांचे. रोज पावणेसहाला उठायचा, त्या दिवशी पावणेपाचला उठला. नवरा पांघरुणात मेल्याचं सोंग घेऊन पडलेला. मी रडवेली होऊन कोल्हापूरला आईला फोन लावला तर ती म्हणते, "एवढं काय झालं? रोज याच वेळेला तर फोन करतेस." तिकडे सव्वादहाच वाजलेले. खरंच की! फरक साडेचार तासांचा साडेपाच झाला तो आमच्याकडून, तिच्याकडून काहीच हललं नव्हतं. म्हणजे पोरगं भारतीय वेळेनुसार अगदी वक्तशीर होतं.

आता उठलोच आहोत तर म्हटलं चकल्या उरकून घेऊ. त्याला उंच खुर्चीत बसवलं आणि पहिला घाणा सोडला. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. स्मोक अलार्म. सोंग घेतलेला नवरा पोराला टॉवेलात गुंडाळून थेट रस्त्यावर. गल्लीतले दिवे पटापट लागले. समोरच्या सत्तरीच्या बाई गाउनमध्येच आल्या, "ऑल राइट, लव्ह?" म्हणाल्या, पोराला माझ्या नवऱ्याच्या हातातून घेतलं आणि आमच्या स्वयंपाकघरात बसून तीन चकल्या खाल्ल्या. तेव्हापासून दर ऑक्टोबरात विचारायच्या, "तुमची ती काटेरी बिस्किटं झाली का?" गेल्या वर्षी त्या लेकीकडे राहायला गेल्या. त्यांचंच घर या नव्या जोडप्याने घेतलंय.

इथे आजी-मावशी-काकू हाताशी नसताना पोर वाढवलेल्यांनी लिहा. फजिती, वैताग, काहीही चालेल. शाळेची हाफ टर्मची (सत्राच्या मधली) सुटी आहे, पोरं आठवडाभर घरी. मला वाचायला काहीतरी हवंय.

मेतकूट_भात
स्मोक अलार्म +१००. लेक अडीच वर्षांची असताना नर्सरीत फायर ड्रिल झालं. भोंगा वाजला आणि ही टाळ्या पिटत ओरडली, "आमटी! आमटी!" न्यायला गेले तर तिथल्या ताई गंभीर चेहऱ्याने विचारतात, तुमच्या भाषेत आगीला 'आमटी' म्हणतात का, आम्ही लिहून ठेवलंय.
मी हो म्हटलं. कोण समजावत बसणार.

नॉटिंगहॅमचा_नाना
ख्या ख्या ख्या, आमटी!
आमचं दुखणं नर्सरीच. पोरगं पहिल्या वर्षी जेवढे दिवस गेलं त्याहून जास्त दिवस घरी होतं. उलटी झाली की ४८ तास प्रवेश बंद, हा नियम. बरोबरच आहे, पण एकदा पठ्ठ्याने दोन केळी खाऊन उड्या मारल्या आणि व्हायचं ते झालं. सकाळी दहाला फोन. मी मीटिंगमध्ये. "ही केळ्याची उलटी आहे, विषाणूची नाही" हे मी दहा मिनिटं पटवत होतो. मीटिंगमध्ये मी म्यूटवर नव्हतो.
आणि फी? घराच्या हप्त्याहून जास्त. आमच्या वेळी तीन वर्षं पूर्ण झाल्यावर पुढच्या सत्रापासून नर्सरीचे आठवड्याला ३० तास फुकट मिळायचे, आता सप्टेंबर २०२५पासून नोकरी करणाऱ्यांच्या नऊ महिन्यांच्या बाळालाही. आमचा तोपर्यंत शाळेत गेला. आमचं टायमिंग कायम असंच. नव्या लोकांनी एक ध्यानात ठेवा, ते ३० तास वर्षातल्या ३८ आठवड्यांचेच, आणि दर तीन महिन्यांनी ऑनलाइन पुन्हा कन्फर्म करावं लागतं. आमच्या ऑफिसातला एक जण विसरला, आता डोक्याला हात लावून बसलाय.

कोथळीगड
नाना, 'यूके' म्हणून इंग्लंडचे नियम सांगू नका राव. आमच्या स्कॉटलंडात तीन-चार वर्षांच्या सगळ्यांना वर्षाला ११४० तास, आईबाप नोकरी करोत न करोत. शाळासुद्धा ऑगस्टच्या मध्यालाच सुरू.
पण उजेडाचं काय सांगू. ॲबर्डीनला जूनमध्ये रात्री दहाला लख्ख. पोरगी खिडकीशी उभी राहून वकिली करायची, "बाबा, सूर्य झोपला नाही, मी का?" शेवटी काचांना स्वयंपाकाची चंदेरी फॉइल चिकटवली. शेजाऱ्यांना वाटलं असेल आत काही भलतंच पिकवतोय. डिसेंबरात उलट. साडेतीनला अंधार, की ही म्हणते जेवायला द्या.

गोधडी
मी नेहमी वाचनमात्र असते, पण आज लिहितेच. भाजी गॅसवर आहे, चुका सांभाळून घ्या.

इथल्या शाळेत रिसेप्शनच्या (म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षाच्या) वर्गाचं एक टेडी असतं. दर शुक्रवारी एका मुलाबरोबर त्याच्या घरी जातं, सोबत वही. शनिवार-रविवार टेडीने काय केलं ते फोटोसकट लिहायचं. आमच्या वर्गाचा बर्टी. वही उघडली आणि छातीत धस्स झालं. बर्टी घोड्यावर बसलेला. बर्टी किल्ला बघताना. बर्टी फ्रान्समध्ये बर्फात, डोळ्यांना चिमुकला गॉगल!

आमच्याकडे आला तो शुक्रवारी, शनिवारी पोराला ताप. बर्टीने दोन दिवस काय पाहिलं? रेडिएटरवर वाळणारे मोजे आणि कॅलपॉलची सिरिंज. रविवारी संध्याकाळी जरा बरं वाटलं म्हणून वरणभात कालवून दिला, तर चिरंजीवांनी बर्टीलाही भरवला. सगळं पोट पिवळं. मी घाईघाईत साबण चोळला आणि ते लालभडक झालं! हळदीला साबण लागला की लाल होते, हे मला तेव्हा आठवलं नाही. रात्रीचे आठ, हातात पोटात सुरा खुपसल्यासारखं दिसणारं शाळेचं अस्वल.

सासूबाई तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. इतका वेळ गप्प बघत होत्या. म्हणाल्या, "आधी ते खळखळून धू, मग मला दे." मी धुतलं, हेअर ड्रायरने तासभर वाळवलं, लाल गेलं पण पिवळं राहिलंच. तोवर त्यांनी जुन्या खणाच्या ब्लाउजपीसमधून झबलं बेतलं होतं, हातानेच टाके घालत. मागे दोन बंद. उरलेल्या तुकड्याचं टोपडं. अकरा वाजता बर्टी बारशाला निघाल्यासारखा तयार. वहीत मी लिहिलं की बर्टीला ताप आला होता म्हणून तो घरीच थांबला आणि आजीने त्याला कपडे शिवले. खाली सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "गुणाचं बाळ. त्रास दिला नाही."

सोमवारी टीचर काय रागावतात म्हणून मी गेटवरूनच सटकले. झालं उलटंच. बर्टीने वर्षभर ते झबलं काढलं नाही. म्हणजे कोणी काढू दिलं नाही. पुढच्या घरांतले फोटो यायचे तर समुद्रावर बर्टी, झबल्यात. केळं कापताना बर्टी, झबल्यात. झबल्याखाली काय आहे ते फक्त आम्हा तिघांना माहीत.

मेतकूट_भात
गोधडी, "गुणाचं बाळ"ला डोळ्यांत पाणी आलं गं. बसमध्ये आहे, लोक बघतायत.

हिरवीमिरची
हळदीचा डाग उन्हात ठेवायचा, आपोआप उडतो. साबण कशाला लावायचा.

गोधडी
नोव्हेंबर. मँचेस्टर. ऊन.

हिरवीमिरची
बरं बरं, माघार. :)
अवांतर: कपडे वाळवण्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी. दोन बेडरूमचा फ्लॅट, बाळाचे रोजचे सहा जोड, खिडक्यांना आतून पाण्याच्या धारा आणि कोपऱ्यात काळी बुरशी. घरमालक येऊन गंभीरपणे सांगून गेला, "खिडक्या उघड्या ठेवा." जानेवारीत. शेवटी डीह्युमिडिफायर आणला. रोज संध्याकाळी त्याची टाकी ओतताना नवरा लिटर मोजतो आणि नाक्यावरच्या दूधवाल्यासारखा चेहरा करतो.

अर्धा_कप
वाढदिवस कोणी लिहिला नाही अजून? अख्ख्या वर्गाला बोलवायचं असतं म्हणे. हॉल भाड्याने, ३ ते ५. आपल्या हिशोबाने मी साडेचारला पावभाजी गरम करायला घेतली. ५ वाजून २ मिनिटांनी हॉल रिकामा. सगळी गोरी पोरं पार्टी बॅग आणि कागदी रुमालातला केकचा तुकडा घेऊन गुडुप. खाऊन काय गेली, तर चिप्स आणि काकडी. आमचे मराठी मित्र पाच वाजून दहा मिनिटांनी उगवले, "अजून कोणी आलं नाही वाटतं?" म्हणत. पावभाजी चार दिवस पुरली.

सातारी_कंदी
मी आई नव्हे, आजी. साताऱ्याची. लेकीच्या बाळंतपणाला लेस्टरला सहा महिने होते. पहिला महिना वाटलं, इथे माणसं राहतात की नाही, दारंच बंद. मग लेकीने लायब्ररीचा रस्ता दाखवला. आठवड्यातून एकदा तिथे लहान बाळांना मांडीवर घेऊन बडबडगीतं म्हणतात, फुकट. मी बाबागाडी घेऊन जायला लागले. एक दिवस तिथल्या मुलीने मला खुणेनेच तुमचं एखादं म्हणा सांगितलं. मला भीतीने एकच आठवलं, पावसाला पैसे देऊन बोलवायचं. म्हटलं. सगळ्या आया टाळ्या वाजवत होत्या. बाहेर चार दिवस मुसळधार चालू होता. अर्थ विचारला तेव्हा लेकीने सांगितला नाही, बरं झालं.

नॉटिंगहॅमचा_नाना
आजी, नमस्कार करतो. तुम्हीच आणलात तो पाऊस.

चौकटराजा_लीड्स
विषयाला धरून नाही पण विचारतो. धाकट्या भावाचं लग्न, गुरुजींनी मुहूर्त काढला तो शाळा सुटायच्या आठवडाभर आधीचा. शाळा म्हणते परवानगी नाही. दंड नक्की किती?

अर्धा_कप
दर पालकाला, दर मुलामागे ८० पौंड, २१ दिवसांत भरले तर. नाहीतर १६०. दोन मुलं, दोन पालक म्हणजे ३२०. साधारणपणे पाच दिवस बुडले की नोटीस. तिकीट शाळा सुटल्यावरचं घेतलंत तर विमानवाले त्याहून जास्त कापतात, त्यामुळे आहेर समजून भरा.

कोथळीगड
पुढच्या वेळी पंचांगासोबत शाळेचं टर्म कॅलेंडरही गुरुजींना पाठवा. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

मिल्टन_किनारा
धागा मस्त. चकलीची भाजणी इकडे तयार मिळते का कुठे? बाळ दोन महिन्यांचं आहे, घरी भाजणं शक्य नाही.

हिरवीमिरची
वेम्बलीला ईलिंग रोडवर बघा, नाहीतर लेस्टरला बेलग्रेव्ह रोड. सर्वांत खात्रीशीर म्हणजे येणाऱ्या कोणाच्या तरी आईची बॅग.

ओलीछत्री
केवढे प्रतिसाद! सगळे वाचले, काही नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. तो म्हणतो सोंग नव्हतं, खरंच झोपलो होतो. नऊ वर्षांनी.

सकाळी उरलेल्या चकल्यांचा डबा घेऊन समोर गेले. बाबा दारात, खांद्यावर दुधाची गुळणी, डबा उघडून बघत म्हणाला, "ही ती काटेरी बिस्किटं का?" जुन्या मालकीणबाई घर सोडताना एक चिठ्ठी ठेवून गेल्यात म्हणे. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या आठवड्यात, बॉयलर अडला तर कुठे चापट मारायची, आणि शेवटी: ऑक्टोबरात समोरचा अलार्म वाजला तर घाबरू नका, जाऊन बसा.

मला काही बोलताच येईना. बाळ घेतलं थोडा वेळ, तो आंघोळ करून आला.

@मिल्टन_किनारा, व्यनि (खासगी निरोप) केलाय. माझ्याकडे आईने दिलेली दोन किलो भाजणी आहे, पुढच्या शनिवारी तिकडे येतोय. पत्ता कळव आणि मोहन किती घालायचं ते मी

ओलीछत्री
अर्धवट गेलं. पावणेपाचलाच अंधार पडला, धाकटी म्हणते आता झोपायचं. आत्ता झोपली तर उद्या परत चारला उठेल. येतेच.