10 ते 15 हजारांत पहिली दुर्बीण: 8×42 च घ्या

तांबट
पक्षी सप्ताह (5 ते 12 नोव्हेंबर) जवळ आला की आमच्या गटात नवी मंडळी येतात आणि निम्म्यांच्या गळ्यात कोरी करकरीत 10×42 असते. दुकानात सांगितलेलं असतं, "पॉवर जास्त, म्हणजे दिसणार जास्त." माझं मत: एकच दुर्बीण घ्यायची असेल तर 8×42, वॉटरप्रूफ, रूफ प्रिझमची (सरळ नळ्यांची घडण). बाकी कशाचा विचारच करू नका.

पहिला आकडा किती पट ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. 42 ला 8 ने भागलं की 5.25 येतात. डोळ्यापर्यंत येणारा उजेडाचा झोत एवढा रुंद असतो. 10×42 मध्ये तो 4.2 च उरतो. सिंहगड व्हॅलीत पहाटे झाडीखाली अंधारच असतो. तिथे स्वर्गीय नर्तक क्षणभर फांदीवर टेकतो आणि उडतो. त्या क्षणात तो सापडायला उजेड हवा आणि नजरेचा आवाका मोठा हवा; 8 पटीत सहसा दोन्ही जास्त मिळतात. शिवाय दुर्बीण हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी करते. चढण चढून धाप लागलेली असताना 10 पटीचं चित्र स्थिर राहत नाही.

पाणकावळा
ताई, सगळे जंगलात जात नाहीत. मी वीस वर्षं नांदूर मध्यमेश्वर आणि भिगवणला जातोय. पाणथळीवर पक्षी लांब असतो, पण बराच वेळ एका जागी असतो. ठिपकेवाली तुतारी की हिरवी तुतारी, हे ठरवायला भुवईची पांढरी रेघ डोळ्याच्या मागे जाते का ते बघावं लागतं. 200 मीटरवरचा पक्षी 8 पटीत 25 मीटरवर असल्यासारखा दिसतो, 10 पटीत 20 मीटरवर. ही रेघ त्या 5 मीटरांत दिसते किंवा दिसत नाही.

उजेडाचं म्हणाल तर भर उन्हात डोळ्याची बाहुली 2-3 मिलिमीटरच उघडी असते. मी 63 वर्षांचा आहे. या वयात अंधारातही ती तरुणांसारखी मोठी होत नाही. तुमचे ते 5.25 मला काय कामाचे?

तांबट
काका, वयाचा मुद्दा बरोबर आहे, मी तो धरला नव्हता. पण जादा झोत अगदीच वाया जात नाही. डोळा जरा इकडेतिकडे सरकला तरी चित्र काळं पडत नाही, आणि नवख्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. आणि भिगवणला होडीत बसलात की? इंजिन बंद केलं तरी पाणी हलतंच.

धाविक
तुम्ही दोघंही 8 की 10 यातच अडकलात. खरा प्रश्न आतल्या प्रिझमचा आहे. रूफ प्रिझममध्ये चित्र स्वच्छ यायचं तर फेज कोटिंग (प्रिझममध्ये दुभंगलेला प्रकाश नीट जुळवणारा लेप) लागतं, आरशासारखा चांगला लेपही लागतो. स्वस्त रूफमध्ये तिथेच पैसे वाचवतात. पोरोमध्ये, म्हणजे रुंद खांद्यांच्या जुन्या घडणीत, या दोन्हींची गरज नसते. म्हणून कमी पैशांत जास्त लख्ख चित्र मिळतं, आणि पुढची भिंगं एकमेकांपासून लांब असल्याने खोलीही छान कळते. माझ्याकडे निकॉनची ॲक्युलॉन 8×42 आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर चंडोल आणि धाविक मातीच्याच रंगाचे असतात. तिथे ती दुप्पट किमतीच्या रूफला हार जात नाही.

कोकणी पाऊस
नान्नजला ठीक. आमच्याकडे तिबोटी खंड्या पावसाळ्यात घरटं करतो, म्हणजे बघायचं तेही पावसातच. माझ्या पोरोच्या प्रिझमवर दुसऱ्याच पावसाळ्यात बुरशीचे धागे पसरले. साफ करून आणली, तर दोन्ही नळ्यांची चित्रं जुळेनात. दहा मिनिटं बघितलं की डोकं दुखायचं. शेवटी ती नुसती कपाटात पडून राहिली, आणि पहिल्या पगारातून घेतलेली होती. आता नायट्रोजन भरलेली वॉटरप्रूफ वापरतो, निकॉनची प्रोस्टाफ पी3 8×42. कोटिंग मधल्या दर्जाचं आहे हे कबूल, पण आत वाफ धरत नाही.

चष्मेवाल्यांसाठी आणखी एक. ॲक्युलॉनला डोळा भिंगापासून 12 मिलिमीटरवर आणावा लागतो, त्यामुळे चष्म्यातून कडेचं चित्र कापलं जातं. पी3 मध्ये 20 मिलिमीटर मिळतात. फुलपाखरं बघणाऱ्यांनी जवळचा फोकसही तपासा: ॲक्युलॉन 5 मीटर, पी3 3 मीटर.

धाविक
चष्म्याचं मान्य. बुरशीसाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरतं. चामड्याच्या पिशवीत मात्र ठेवू नका, ती ओल धरते.

कोकणी पाऊस
जुलैत चार दिवस रानात असताना डबा कुठे ठेवू? दुर्बीण गळ्यातच असते.

तांबट
"बाकी कशाचा विचारच करू नका" हे वाक्य मागे घेते. सोलापूर, नगरसारख्या कोरड्या भागात, बजेट तंग आणि चष्मा नसेल तर पोरो घ्या. घाट, कोकण, मुंबई, पुणे इथे वॉटरप्रूफवर मी ठाम आहे. आणि झूमवाली, लाल चकाकणाऱ्या भिंगांची कुठेही घेऊ नका. दुकानाबाहेर येऊन लांबची विजेची तार बघा. ती दुहेरी दिसली किंवा डोळ्यांवर ताण आला तर दुसरा नग मागा. त्याच मॉडेलमध्येही नगानगात फरक असतो.

पाणकावळा
8 च्या बाजूने अजूनही माझं मत वळलेलं नाही. पक्षी सप्ताहात मी माझी 10×42 घेऊन भिगवणला येतो, तुम्ही 8 आणा. नव्या मुलांच्या हातात दोन्ही देऊ, आणि तुतारीची भुवई कुणाला कशातून दिसते ते त्यांनाच सांगू द्या.