रेसिपी द्यायची तर पुरती द्या, हातचा राखून कशाला?

खलबत्ता:
आम्ही कॉलेजातले सात जण. दर मे महिन्यात कुणा एकाच्या घरी दोन दिवस जमतो. बाहेरून काही मागवायचं नाही, ज्यानं त्यानं घरचा एक पदार्थ करायचा आणि एक पेय. यंदा पेडण्याला होतो. मित्र मूळचा सावंतवाडीचा, पण गेली वीस वर्षं गोव्यातच. त्यानं फेणी, कोकम, हिरवी मिरची आणि सोडा असं एक पेय केलं होतं आणि वहिनींनी सुक्या बांगड्याची किसमूर. दोन्ही इतकं जमलं होतं की मी केलेल्या खिमा पॅटिसकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. (तसे ते फुटलेच होते. असो.)

निघताना दोन्हीची रेसिपी मागितली. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर आली. "फेणी एक पेग, कोकम दोन चमचे, साखर थोडी, मिरची एक, वर सोडा." आणि किसमुरीची: "बांगडो भाज, कुसकर, कांदो, खोबरा, मिरची, सोलां." संपलं!

पुण्यात चार जणांना बोलावलं. घरात कोकम सरबताची बाटली होती, तिच्यातलं दोन चमचे घातलं. वर साखरही. पहिल्या घोटाला खोकल्याचं औषध आठवलं. किसमूर दुपारीच कालवून ठेवली होती, रात्री आठपर्यंत तिला पाणी सुटून पार लगदा. पाहुण्यांनी सभ्यपणे शेंगदाणे खाल्ले.

मित्राला फोन केला तर तो हसत सुटला. "अरे मेल्या, आगळ घालूक व्हया, सरबत नाय!" मागून वहिनींचा आवाज, "किसमूर पानावर बसताना कालवतात हो भावजी."

मग हे लिहायला काय झालं होतं? माझं स्पष्ट मत: अनेक जण रेसिपी देतात, पण एक जिन्नस किंवा एक कृती मुद्दाम गाळतात. माझ्या मावशीनं गोड्या मसाल्याचं प्रमाण आम्हा सगळ्या भाचरांना दिलं, दगडफूल वगळून. कुणाचाच मसाला तिच्यासारखा झाला नाही आणि ती दर दिवाळीला "तुमच्या हाताला ती चव नाही" म्हणत राहिली. द्यायची नसेल तर नाही म्हणा, राग नाही. पण दिल्यासारखं करून राखून ठेवणं हा मित्राशी केलेला लबाडपणा आहे. मंडळींचं काय मत?

रातांबा:
साफ असहमत. तुमच्या मित्रानं काहीही लपवलेलं नाही. आमच्याकडे पेयात "दोन चमचे कोकम" म्हटलं की आगळच. पिकलेल्या रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, रस मीठ घालून टिकवलेला असतो ते आगळ, त्यात साखरेचा कण नसतो. तुमच्या बाटलीतलं अमृत कोकम, म्हणजे साखरेत मुरवलेल्या सालींचा पाक. वाळवलेली साल म्हणजे सोलं, तुम्ही आमसुलं म्हणता ती. तुमच्या दुकानात तिन्हीला कोकमच म्हणतात, त्याला आम्ही काय करणार? सोलकढी करताना कुणी अमृत कोकम घालतं का?

आणि आगळात मीठ असतं म्हणूनच त्यानं मिठाचं नाव घेतलेलं नाही. रेसिपी बरोबर आहे. वाचणारा चुकला.

काडीपेटी:
गोव्याची फेणी पुण्यात कशी पोचली हे मी विचारत नाही. महाराष्ट्रात आणायला परवाना लागतो एवढंच नम्रपणे नोंदवतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खलबत्ता:
@काडीपेटी, तो भाग माझ्याही रेसिपीतून गाळला आहे.
@रातांबा, मुद्दा अर्धा मान्य. पण ज्याला सांगायचं तो पुण्याचा आहे हे त्याला पंचवीस वर्षं माहीत आहे ना?

उंबरठा:
मी कांदा लसूण मसाला करून विकते. अकरा वर्षं झाली, कोल्हापूरच्या घरूनच. मैत्रिणी, नणंदा, सोसायटीतल्या काकू, सगळ्या विचारून झाल्या. मी हसून सांगते, "नाही देणार, हवा तर डबा घेऊन जा." सुरुवातीला दोघी रुसल्या, आता त्याच दिवाळीला दोन-दोन किलो नेतात. त्या प्रमाणावर माझ्या मुलीची फी गेली आहे. मैत्री आणि धंदा यांत मला तरी गोंधळ वाटत नाही.

पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. रेसिपी मागणारेही काही साधे नसतात. मी एकीला भरल्या मिरच्यांची कृती दिली होती, अगदी पुरती, तव्यावर झाकण कधी ठेवायचं इथपर्यंत. महिन्याभरात तिनं व्हिडिओ टाकला, "माझ्या आजीची खास पद्धत". तिची आजी नागपूरची, तिनं आयुष्यात ती मिरची पाहिली नसेल. नाव तरी घ्यावं की नाही माणसानं?

वकिली बाणा:
घटकांच्या यादीवर कॉपीराइट नसतो, फार तर तुम्ही ती ज्या शब्दांत लिहिली त्यावर असतो. तेव्हा आजीवर दावा लावता येणार नाही. बाकी नाव घ्यायला हवं होतं, +१.

पाटा वरवंटा:
मला त्या मावशीबद्दल बोलायचं आहे. धागाकर्त्यांनी तिला एका ओळीत लबाड ठरवून टाकलं.

माझ्या आजेसासूबाई तशाच होत्या. एकोणीस माणसांचं घर. दागिने सासूच्या कपाटात, पैसे सासऱ्यांच्या खिशात, नावावर काही नाही. मसाला मात्र त्यांचा. उन्हाळ्यात माजघराचं दार लावून भाजायच्या. वेलदोडा, नागकेशर, दगडफूल किती घालायचं हे कुणाला दिसू द्यायच्या नाहीत. आम्ही सुना चेष्टा करायचो. मी पन्नाशीला आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला: त्या घरात "त्यांना विचारल्याशिवाय होत नाही" अशी ती एकच गोष्ट होती. ती वाटून टाकली असती तर त्यांना कुणी विचारलं असतं का?

मसाला त्यांच्याबरोबर गेला, हे खरं. २००३ नंतर आमच्या घरात ती आमटी झाली नाही. त्याची हळहळ मला आहे. पण लबाड म्हणू नका.

खलबत्ता:
@पाटा वरवंटा, मावशीच्या घरात फक्त ती आणि काका होते. पण तुमचा मुद्दा डोक्यात राहील. तो शब्द मागे घेतो.

तिसरा पेग:
खाण्यात काय लपवायचं ते लपवा. पेयात लपवू नका, आणि इथे मी कुणाचीही आजी ऐकून घेणार नाही.

गेल्या वर्षी एका मित्राकडे पातेलंभर पन्हं होतं. कैरी, गूळ, वेलची, केशर, आणि न सांगता घातलेली व्होडका. "ओळखा पाहू" असा यजमानांचा उत्साह. आमच्यातला एक जण पोट बिघडल्यामुळे मेट्रोनिडॅझोल घेत होता. त्या गोळीबरोबर डॉक्टर दारू टाळायला सांगतात. त्यानं साधं पन्हं समजून दोन ग्लास घेतले आणि रात्रभर ओकला. दुसरा गाडी चालवत घरी जाणार होता. यजमान अजूनही म्हणतात, "सांगितलं असतं तर मजा गेली असती."

आता थोडा हिशेब, कारण "उराक हलकी असते रे" हे वाक्य मी दर मार्चमध्ये ऐकतो. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा ऊर्ध्वपातन केला की उराक, पुन्हा केला की फेणी. बाटलीतली फेणी साधारण ४२.८ टक्के. ६० मिलीचा मोठा पेग घेतलात तर पोटात जवळपास २६ मिली शुद्ध अल्कोहोल जातं. उराक धरा १५ टक्के. पण ती पेगनं कुणी घेत नाही. मोठ्या ग्लासात निम्मी उराक, निम्मा लिमका, मीठ, उभी चिरलेली मिरची, लिंबाची फोड. निम्मी म्हणजे १५० मिली धरली तर साडेबावीस मिली. म्हणजे एक ग्लास आणि एक मोठा पेग यांत फार फरक उरला नाही. वर उन्हाळा, तहान आणि लिमक्याचा गोडवा. तिसऱ्या ग्लासाला माणूस कोकणी बोलायला लागतो, येत नसली तरी.

म्हणून रेसिपीत "एक पेग" लिहिणाऱ्यालाही मी विचारतो, ३० चा की ६० चा?

बेहिशेबी:
अहो, इतकं मोजून प्यायचं तर कफ सिरपच घ्या ना, टोपी फुकट मिळते. माझा काका डोळ्यानं माप ओततो, तीस वर्षांत एकही ग्लास बिघडला नाही. लिंबू कधी आंबट असतं कधी नसतं, एक मिरची तिखट निघते, दुसरी काकडी. प्रमाण लिहून काय होणार? चव घेत घेत करायचं. दोस्तांची मैफल आहे, प्रयोगशाळा नाही.

तिसरा पेग:
लिंबू चवीनं, मिरची चवीनं, साखर चवीनं. दारू मापानं. काकांना विचारा, चौथ्या ग्लासाचं माप घेताना डोळा पहिल्या ग्लासाइतकाच नीट चालतो का?

बेहिशेबी:
काका म्हणाले, इथे गप्प बस.

सातासमुद्रापार:
न्यू जर्सीहून. इथे आगळाची बाटली कुणी देशातून आणली तरच. खोबरं फ्रोजन, सुका बांगडा घरात भाजला तर धुराचा अलार्म वाजतो (एकदा अग्निशमनवाले आले होते, वासानं चेहरे पाहण्यासारखे झाले). फेणी मिळेनाशी झाली तेव्हा मी टकीला, आमसुलांचं कढत पाण्यातलं पाणी, मीठ, लिंबू आणि हालापेन्यो मिरची असं केलं. मैत्रिणींना "कोकम फेणी" म्हणूनच देते. सगळ्यांना आवडते. प्रश्न असा, की मूळ रेसिपीतला एकही जिन्नस जागेवर नसताना ती रेसिपी मला पहिल्यांदा पाजणाऱ्या वेंगुर्ल्याच्या मैत्रिणीची राहते की माझी होते?

रातांबा:
ताई, प्या खुशाल, पण फेणी म्हणू नका. काजू फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, ते नाव गोव्याचं आहे. आमच्या सिंधुदुर्गात तीच झाडं, तीच बोंडं, पण बी काढून घेतली की बोंडं झाडाखाली कुजतात. ओढ्यापलीकडे त्याच बोंडांची भट्टी लागते आणि नाव होतं. आम्ही बोंडाशेजारी राहून फेणी म्हणू शकत नाही आणि तुम्ही टकीलाला म्हणता?

सातासमुद्रापार:
बरं बाई, "कोकम टकीला". ऐकायला औषधासारखं वाटतं, पण ठीक.

उंबरठा:
@सातासमुद्रापार, माझ्या मते ती आता तुमची. पण पहिल्यांदा कुणी पाजली ते सांगत जा.

पाटा वरवंटा:
मला एक विचारायचं आहे धागाकर्त्यांना. तुम्ही दोन दिवस त्यांच्या घरी होतात. किसमूर होत असताना तुम्ही कुठे होतात?

खलबत्ता:
ओटीवर. दुसऱ्या ग्लासावर.

पाटा वरवंटा:
तेच म्हटलं.

खलबत्ता:
काल रात्री पुन्हा फोन लावला. या वेळी थेट वहिनींना. त्या म्हणाल्या, "भावजी, मी कधी लिहिलंच नाही, ह्यांनी विचारलं आणि टाईप केलं. मला तरी कुठे ठाऊक की कुणी किसमूर दुपारी कालवून ठेवील?" मग मी वही घेतली आणि त्या बोलत गेल्या. त्यांना मापं सांगता येईनात, "मूठभर" म्हणायच्या. मी म्हटलं, मूठ तुमची की माझी? शेवटी त्यांनी वाटीत ओतून मोजलं. अर्धा तास गेला. लबाडीचा आरोप मी मागे घेतोय, पण मूळ म्हणणं कायम: हा अर्धा तास कुणीतरी द्यायलाच हवा, देणाऱ्यानं किंवा मागणाऱ्यानं. तर घ्या, पुरती:

किसमूर, चार जणांना. सुके बांगडे दोन, मध्यम. डोकं, शेपूट काढून निखाऱ्यावर किंवा गॅसवर जाळी ठेवून खमंग भाजायचे, गार झाल्यावर काटे काढून हातानं कुसकरायचे. मऊ पडलेला बांगडा चालत नाही. ओलं खोबरं एक वाटी. कांदा एक मोठा, बारीक. सुक्या मिरच्या तीन, तव्यावर भाजून चुरडलेल्या. सोलं चार, पाव वाटी पाण्यात भिजवून फक्त दोन चमचे पाणी घ्यायचं. खोबरेल एक चमचा, कच्चं, शेवटी. मीठ चाखून, कारण बांगड्यात असतंच. पानं वाढली, भात वाढला, मग कालवायचं. त्याआधी नाही.

पेय, एका ग्लासाला. फेणी ४५ मिली (@तिसरा पेग, मोजली). आगळ १० मिली, म्हणजे दोन लहान चमचे. साखरेचा पाक १५ मिली. अर्ध्या लिंबाचा रस. मिरची उभी चिरून, बिया काढून. बर्फ, वर सोडा १५० मिली. वेगळं मीठ नाही.

तिसरा पेग:
४५ ठीक. दुसऱ्या ग्लासाला ३०.

रातांबा:
दोन बांगड्यांना अख्खा मोठा कांदा? ही किसमूर आहे की कोशिंबीर? वहिनी नक्की कुठल्या?

खलबत्ता:
वेंगुर्ल्याच्या.

रातांबा:
तरीच. आमच्या मालवणात अर्धाच घालतात.