पहिल्या कथासंग्रहाआधी: बोली किती, कथा पाठवायची कशी, पैसे भरून पुस्तक काढावं का?

सेलूची_वाचक
नमस्कार. नऊ कथा लिहून झाल्यात, मिळून साधारण ३२,००० शब्द. तीन १९७२ च्या दुष्काळातल्या, एक निजामाच्या काळातली, बाकी आजच्या. सगळ्या मोबाईलवर टाइप केलेल्या, अजून कुठंच छापून आलेल्या नाहीत. एक प्रकाशक म्हणतात, पैसे भरा, तीनशे प्रती काढून देतो. संवादात आपली मराठवाडी बोली किती वापरावी? दिवाळी अंकांना कथा कशी पाठवतात? आणि हे पुस्तक आत्ता काढावं का?

बालाघाट
ताई, बोलीचं सांगतो. बोली क्रियापदात, सर्वनामात आणि वाक्याच्या हेलात असते. 'ग्येला', 'म्हंजी', 'न्हाई' असे शब्द मोडून लिहिले की वाचणारा अडखळतो आणि पात्र अडाणी वाटायला लागतं. 'काय करायलास?', 'कामून आला नव्हतास?', 'मपलं मी बघीन' एवढ्यानं माणूस कुठला आहे ते कळतं.

मोठा घोटाळा वेगळाच होतो. सिनेमा-मालिका ऐकून कानात बसलेलं सातारा-कोल्हापूरकडचं 'काय करतुयास' आपल्या पात्राच्या तोंडी येतं. मराठवाड्यातही एकच बोली नाही. उदगीर-निलंग्याकडं कानडीचा शेजार, देगलूर-बिलोलीकडं तेलुगूचा, शहरांच्या जुन्या मोहल्ल्यांत दखनीचा. म्हणून एक गाव ठरवा आणि वहीत तक्ता करा: मी, तू, तो, ती, आम्ही यांच्यासमोर चालू काळ, भूतकाळ, भविष्य, नकार आणि प्रश्न. खाली तीस-चाळीस रोजचे शब्द. नऊच्या नऊ कथांचे संवाद या तक्त्याला लावून तपासा. आजी आणि कॉलेजातली नात एकसारखी बोलत नाहीत, त्यामुळं वयाप्रमाणं दोन रकाने करा.

निवेदन प्रमाण मराठीत की बोलीत, हे पहिल्या पानावरच ठरवा. मध्येच बदललं तर संपादकाला ती चूक वाटते. शुद्धलेखनाच्या नियमांचं दडपण घेऊ नका. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणं लिहायची मुभा त्या नियमांतच आहे. शेवटी शब्दार्थांची यादी मात्र जोडू नका. शब्द अडत असेल तर पुढच्या वाक्यात तो कामाला लावा, अर्थ आपोआप उलगडतो.

जुनी_दप्तरं
काळाचं कुणी विचारलं नाही, पण चार कथा जुन्या काळातल्या आहेत म्हणून लिहिते. कथा चांगली असूनही इथं हमखास घसरते.

१९७२ साली मराठवाड्यात पाचच जिल्हे होते: औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद. जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला आणि हिंगोली १९९९ ला वेगळा झाला. जायकवाडी धरण १९७६ ला पूर्ण झालं, त्यामुळं दुष्काळातल्या कथेत शेजारच्या शिवाराला कालव्याचं पाणी दाखवलं की जाणता वाचक पुस्तक मिटतो. परभणी जिल्ह्यातल्या आपल्या सेलूवरून जाणारी मनमाड-काचीगुडा लाईन तेव्हा मीटर गेज होती. दुष्काळी कामावरची सुकडी (तिथं मिळणारं कोरडं पौष्टिक खाणं), लाल मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी), खडी फोडणं, नाला बंडिंग (नाल्याला बांध घालणं) हे नुसते उल्लेख म्हणून येऊ देऊ नका. मिलोची भाकर थापताना काय व्हायचं, हजेरी कोण मांडायचं, पगार कोणत्या वारी व्हायचा, हे गावातल्या सत्तरीपुढच्या बायांना विचारा. अजून सांगणाऱ्या आहेत, पण हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही.

निजामाच्या कथेत तीन गोष्टी तपासा. कचेरीची भाषा उर्दू होती. चलन निजामाचं स्वतःचं, हाली सिक्का होतं; इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत आणि त्याची किंमत जास्त होती. कागदावर फसली सन, म्हणजे महसुली वर्ष असे. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीच्या आपल्या खेड्यात इंग्रज कलेक्टर घोड्यावरून येणं शक्य नाही, तिथं तालुकदार आणि तहसीलदार होते. परभणी जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, वाचा. कथेत त्यातलं एकही वाक्य आलं नाही तरी चालेल, चूक तेवढी टळेल.

मुद्रितशोधक_लातूर
मोबाईलवरच्या मजकुरात ठरलेल्या चुका असतात. पाठवण्याआधी त्या काढा.

'पऱ्हाटी', 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' यांत ऱ च लागतो. साधा र घेतला की रफार होऊन 'पर्हाटी', 'वार्यावर' असं दिसतं. 'ॲ' हे एकच अक्षर घ्या, 'अ' वर चंद्र ठेवलेलं जोडाक्षर नको. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाला वेगळे, त्यामुळं शोधून बदलताना निम्मे शब्द सुटतात. काही कीबोर्ड वाक्याच्या शेवटी उभा दंड (।) टाकतात. मराठीत पूर्णविराम चालतो. न-ण आणि ल-ळ मोठ्यानं वाचूनच सापडतात.

फाईल युनिकोडमध्ये, मंगल किंवा कोकिळा फॉण्ट, १४ पॉइंट, दीड ओळीचं अंतर, पानांना आकडे. वर्ड आणि पीडीएफ दोन्ही जोडा. ईमेलच्या मजकुरात कथा चिकटवू नका, पानांचे फोटो तर नकोच. सोबत चार ओळींचं पत्र पुरे: कथेचं नाव, शब्दसंख्या, 'अप्रकाशित आहे' हा खुलासा, पत्ता आणि फोन. कथेचा सारांश किंवा 'यातून मला असं सांगायचं आहे' हे लिहू नका. संपादक नेमकं तेच कथेत शोधत असतो.

दिवाळी अंकांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं. मे-जूनमध्ये कथा पोचली तर ती निवांत वाचली जाते. गणपतीच्या सुमाराला पानांची मांडणी चालू असते, तेव्हा आलेली कथा बहुतेक पुढच्या वर्षावर जाते. तीन ते पाच हजार शब्दांची कथा बसवायला सोपी. एक कथा एका वेळी एकाच अंकाला द्या. दोघांनी छापली तर दोन्ही दारं बंद होतात. वर्षभर चालणाऱ्या नियतकालिकांत मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' आहे, विदर्भ साहित्य संघाचं 'युगवाणी' आहे. पाठवण्याआधी त्यांचे निदान चार अंक वाचा.

सेलूची_वाचक
खूप आभार. तक्ता आजच करायला घेते. पुस्तकाचं काय करू? ते 'आयएसबीएनसह' म्हणतात.

फॉर्मा_सोळा
आत्ता पैसे भरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. स्वतःच्या पैशानं तीनशे प्रती काढल्या की ते तुमचं पहिलं पुस्तक झालं, आणि ही वाट बंद झाली. मंडळ अर्जाच्या तारखा जाहीर करतं, संकेतस्थळावर नियमावली असते. हस्तलिखित तज्ज्ञांकडून वाचलं जातं, तोही फायदाच.

आयएसबीएनसाठी कुणी वेगळे पैसे लावत असेल तर देऊ नका. राजा राममोहन रॉय एजन्सीकडून तो फुकट मिळतो, लेखकालाही स्वतः अर्ज करता येतो. तो पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे, दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे.

पानांचा हिशेब स्वतः करा. डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात १४ पॉइंटला पानाला साधारण २७० शब्द बसतात, म्हणजे ३२,००० शब्दांची ११९ पानं. सुरुवातीची आठ पानं आणि प्रत्येक कथा नव्या पानावर सुरू करताना वाया जाणारी जागा धरून १३२ च्या आसपास. फॉर्मा, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गट, १६ पानांचा, आठ फॉर्म्यांची १२८. चार पानांसाठी अर्धा फॉर्मा वाढवण्यापेक्षा सगळ्यात कच्ची कथा काढून टाका. संग्रहही घट्ट होतो.

पुढं कुणाशीही करार कराल तेव्हा प्रती किती, प्रुफं किती वेळा, लेखकाला प्रती किती आणि मानधन किती टक्के हे कागदावर घ्या. 'विक्री आम्ही करू' एवढ्यावर थांबू नका, कोणत्या दुकानांत पुस्तक जाणार ते विचारा. कॉपीराइट तुमच्याकडंच ठेवा. १९५७ च्या कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. पण 'कायमस्वरूपी' लिहिलेल्या कागदावर सही झाली तर तेवढाही आधार उरत नाही. नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं की हक्क निर्माण होतो.

वाचनालय_अ_वर्ग
वरच्यांशी सहमत. एक भर: अंकांची उत्तरं येईपर्यंत तालुक्याच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे मागा. आवडलेल्या एका कथेची झेरॉक्स काढा आणि पेन्सिलीनं खुणा करा: मूळ पेच कितव्या परिच्छेदात आला, संवाद किती, कथेत प्रत्यक्ष किती काळ जातो, कोणती माहिती लेखकानं मुद्दाम उशिरा दिली. मग त्याच खुणा स्वतःच्या कथेवर करा. नव्या लेखकाच्या कथेत पहिली दीड-दोन पानं गावाच्या वर्णनात जातात आणि पेच तिसऱ्या पानावर येतो. तसं दिसलं तर पहिलं पान झाकून कथा वाचून पाहा. काही अडलं नाही, तर ते पान काढून मगच पाठवा.