सीटीत हाड शाबूत, नाकात काळं काही नाही. तरी म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) संशयावर अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध सुरू करावं का?

निवासी_ईएनटी
मधुमेहाचा रुग्ण, कीटोअ‍ॅसिडोसिस (मधुमेहात रक्त आम्ल होणं) नुकताच आटोक्यात आलाय. एका बाजूचा गाल दुखतो आणि बधिर आहे, थोडा ताप. एंडोस्कोपीत मिडल टर्बिनेट (नाकाच्या आतला मधला उंचवटा) फिकट, काळी खपली कुठेच नाही. साध्या सीटीत त्याच बाजूचं अस्तर जाड, बाकी काही नाही. गॅलॅक्टोमॅनन (बुरशीची रक्ततपासणी) निगेटिव्ह. बायॉप्सीच्या रिपोर्टपर्यंत थांबावं का? आणि तुकडा कुठून घ्यायचा, कशात पाठवायचा?

नाकाचा_सर्जन
थांबू नका, बायॉप्सी आजच घ्या. बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, गुठळी होते, ऊतक मरतं आणि मग ते काळं पडतं. फिकट टर्बिनेट ही त्याच्या आधीची पायरी. प्रोबने टोचून बघा: रुग्णाला कळलं नाही, रक्त आलं नाही, तर तिथलाच तुकडा घ्या. मेलेल्या भागाच्या कडेचा, थोडं जिवंत ऊतक येईल असा.

हाड शाबूत असल्याने निर्धास्त होऊ नका. हाड न पोखरताही बुरशी वाहिन्या आणि मज्जातंतूंच्या कडेने पलीकडे जाते. सीटी पुन्हा उघडा आणि मॅक्सिलरी सायनसच्या (गालातल्या पोकळीच्या) पुढची-मागची चरबी बघा; तिथला धूसरपणा रिपोर्टमध्ये सहज निसटतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) परवानगी देत असेल तर कॉन्ट्रास्ट एमआरआय करा. टर्बिनेट कॉन्ट्रास्ट घेत नसेल, काळंच राहत असेल, तर रक्तपुरवठा तुटलाय. डोळ्यांची हालचाल, नजर आणि टाळू रोज तपासा.

बुरशी_लॅब
दोन डब्या पाठवा. एक फॉर्मॅलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला (ऊतक तपासणीला). दुसरी आमच्याकडे, तुकडा ओला राहील एवढ्याच निर्जंतुक सलाइनमध्ये. सगळं फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की कल्चर (बुरशी वाढवून बघणं) संपलं. फ्रिजमध्ये ठेवू नका. फॉर्मवर ‘म्युकरचा संशय’ ठळक लिहा, कारण तुकडा खलून लावला तर म्युकरचे तंतू फुटून मरतात; आम्ही तो फक्त बारीक कापतो. स्वॅब नको. नाकात हवेतून आलेली बुरशी सापडली म्हणून ती ऊतकात शिरलीय असं होत नाही.

केओएच-कॅल्कोफ्लोरचा (तुकडा रसायनात घालून सूक्ष्मदर्शकाखाली लगेच बघण्याचा) निकाल त्याच दिवशी फोनवर मागा. रुंद, फितीसारखे, जवळपास पडदे नसलेले तंतू म्हणजे म्युकर. बारीक आणि पडदे असलेले म्हणजे बहुधा अ‍ॅस्परजिलस ही दुसरी बुरशी. तंतूंच्या ९० (म्युकर) आणि ४५ (अ‍ॅस्परजिलस) अंशांच्या फांद्यांवर फार विसंबू नका, स्लाइडवर दाब पडला की कोन बदलतात. गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकन (तशीच दुसरी तपासणी) म्युकरमध्ये वाढत नाहीत, त्यामुळे तुमच्या त्या निगेटिव्हला इथे किंमत शून्य.

वॉर्ड_नंबर_५
क्रिएटिनिन काठावर असेल तर तोवर व्होरिकोनॅझोलवर (बुरशीच्या दुसऱ्या औषधावर) भागेल का?

फिजिशियन_एम
नाही. म्युकरवर ते चालत नाही. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन ५ मिग्रॅ प्रतिकिलो, पहिल्या दिवसापासून पूर्ण डोस. हळूहळू चढवण्यात दिवस वाया जातात. ६० किलोला ३०० मिग्रॅ, म्हणजे ५० मिग्रॅच्या ६ व्हायल. व्हायलमध्ये फक्त इंजेक्शनचं पाणी घाला, जोरात हलवा, मग ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून साधारण २ तासांत द्या. सलाइनमध्ये साका बसतो. मूत्रपिंडासाठी आधी सलाइन द्यायचंच, पण नंतर लाइन डेक्स्ट्रोजने धुतल्याशिवाय औषध जोडू नका. त्या डेक्स्ट्रोजसाठी इन्सुलिन वाढवावं लागेल, हे नर्सिंगला आधीच सांगा.

क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज. पोटॅशियम देऊनही चढत नसेल तर मॅग्नेशियम कमी आहे, आधी ते भरा. स्टिरॉइड चालू असेल तर शक्य तेवढं उतरवा.

मूत्रपिंड खरंच साथ देत नसेल तर आयसाव्युकोनॅझोल हे पर्यायी औषध: २०० मिग्रॅ दर ८ तासांनी, ६ डोस, मग रोज एकदा. अ‍ॅस्परजिलस सिद्ध झाला तर मात्र व्होरिकोनॅझोल: पहिले २ डोस ६ मिग्रॅ प्रतिकिलो, पुढे ४, दर १२ तासांनी.

नाकाचा_सर्जन
मेलेल्या ऊतकात रक्त जात नाही, म्हणून औषधही पोचत नाही. केओएच पॉझिटिव्ह आलं की त्याच दिवशी ओटी (शस्त्रक्रियागृह) मागा, कडांना रक्त येईपर्यंत मेलेला भाग काढत जा, आणि ४८ ते ७२ तासांनी पुन्हा आत बघण्याची वेळ तेव्हाच ठरवून ठेवा.