टाकीतली नळी: आधी इंधन बघा, मग नळी निवडा

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाच्या ग्लो इंजिनातली उरलेली सिलिकॉनची नळी पेट्रोल इंजिनाच्या टाकीत चालेल का, असं एकाने विचारलंय, तर दादा, अजिबात नको. ग्लो इंजिनाच्या इंधनात मिथेनॉल असतं, त्याला सिलिकॉन उत्तम, पण पेट्रोलमध्ये तीच नळी फुगते, लिबलिबीत होते आणि पितळी पाइपवरून सटकते. पेट्रोलला पिवळी टायगॉन किंवा व्हिटॉन घ्या, या पेट्रोल सहन करणाऱ्या नळ्या. टायगॉन वर्ष-दोन वर्षात कडक होते, ती बदलायचीच, आतली तर नक्की, कारण कडक झाली की क्लंक (नळीच्या टाकीतल्या टोकाचं वजन) इंधनामागे फिरत नाही आणि विमान उलटं केलं की इंजिन हवा ओढतं.

क्लंक टाकीच्या मागच्या भिंतीला टेकू देऊ नका, ५-६ मिमी जागा ठेवा.

मागे माझं इंजिन वर चढताना दर वेळी लीन होऊन (इंधन कमी, हवा जास्त) बंद पडायचं, मी नीडल (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवून थकलो, शेवटी टाकी उघडली तर पितळी पाइपच्या धारेने नळीला सुईएवढं भोक पडलेलं. तेव्हापासून पाइप कापला की आधी टोक बारीक कानसीने घासून घेतो. आणि बुधवार पेठेत स्वस्त मिळते म्हणून फिश टँकची पीव्हीसी नळी कृपया घालू नका, पेट्रोलमध्ये ती दगडासारखी होते.