9 गायींचा दावणीचा गोठा सुधारायचाय, दीड लाखात आधी काय करू?

पठारावरचा_दूधवाला
नमस्कार मंडळी. संगमनेर तालुक्यात पठार भागात आमचा गोठा आहे. 9 एचएफ (होल्स्टीन) गायी, त्यात 6 दुधात, 2 गाभण, 1 भाकड, वर 3 कालवडी. दोन टायमाचं मिळून 80-85 लिटर डेअरीला जातं. गोठा वडलांनी 2009 ला बांधलाय, 40 बाय 14, वर पत्रा, एका रांगेत दावण आणि गव्हाण सिमेंटची, 2 फूट खोल. पाणी दिवसातून तीनदा बादलीनं दाखवतो.

अडचण अशी की दोन गायींचे पुढचे गुडघे सुजलेत, गव्हाणीच्या तळाला वैरण राहती ती आंबती आणि मग गाय तोंडच लावत नाही, आणि डॉक्टर आले की तिघं जण लागतात गाय धरायला. मागच्या महिन्यात गाय भरवायच्या (रेतनाच्या) वेळी मोठी गाय दावं तोडून घसरली, आई बाजूलाच उभी होती, पायावर आलं पण थोडक्यात वाचली. त्या दिवसापासून डोक्यात हेच चालूय, आता पुढं ढकलायचं नाही.

दीड लाख जमवलेत. भाऊ म्हणतो मिल्किंग मशीन घेऊ, वडील म्हणतात पत्रा वाढवून मोठं शेड करू, मला मुक्तसंचार (गायी न बांधता कुंपणात मोकळ्या सोडायच्या) करायचाय पण वडलांना वाटतं गायी एकमेकींना मारतील, गाभण गाय गाभडंल. गोठ्याला लागून 3 गुंठे मोकळी जागा आहे, कडेला दोन लिंबाची झाडं. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

गोठेवाली_फलटण
दादा आधी आई कशा आहेत ते सांगा. आणि शेड वाढवू नका, अजिबात. आम्ही तेच केलं होतं, दोन लाख पत्र्यात घातले आणि दूध होतं तिथंच राहिलं कारण गाय बांधलेलीच होती, सावली वाढली पण पाणी तिघांच्या सवडीनंच मिळत होतं.

तुमच्याकडं पहिलं काम पाण्याचं. एक लिटर दुधाला गाय 3 ते 5 लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात दुधाची गाय 80-100 लिटर सहज पिऊन जाते, आणि ती एकदम पीत नाही, खाल्लं की पिते, दूध काढलं की पिते, रात्री पण उठून पिते. तीन बादल्यांत ते कसं भागणार. एक टाकी बांधा, काठ जमिनीपासून 2 सव्वादोन फूट, फ्लोट बसवा म्हणजे आपोआप भरेल, तळाला मोठा बूच ठेवा नाहीतर धुताना जीव जातो. आतून चुना मारा, शेवाळ धरत नाही. टाकी लिंबाच्या सावलीत पण गायी बसतात तिथनं लांब, नाहीतर सगळा राडा बसायच्या जागेवर होतो.

तुमच्या 3 गुंठ्यात म्हणजे सव्वातीन हजार स्क्वेअर फुटात 9 गायी आणि कालवडी आरामात मावतात, एका गाईला 200 स्क्वेअर फूट धरतात. मारामारीचं म्हणाल तर होते, पहिले दोन-तीन दिवस होतेच, मी खोटं सांगणार नाही. पण सकाळी दूध काढून पोट भरल्यावर सोडायच्या, आम्ही स्वतः उभं राहायचो काठी घेऊन. माजावरची त्या दिवशी बांधून ठेवायची आणि गाभण गायी शेवटच्या दोन महिन्यात वेगळ्या कप्प्यात, जाळी मारून. चौथ्या दिवशी कोण मोठी कोण धाकटी त्यांचं ठरून जातं. मऊ जमिनीवर बसायला मिळालं की गुडघ्याची सूज पण हळूहळू उतरते, आमच्या तिघींची उतरली, आणि माज लांबून दिसतो हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो कारण बांधलेल्या गाईचा मुका माज (ओरडत नाही, वरून कळत नाही असा) आमचा दर वेळी निसटायचा.

जुने_पशुधन_पर्यवेक्षक
ताईंनी पाण्याचं बरोबर सांगितलं. मी गव्हाण आणि खोड्याचं (डॉक्टर आले की गाय उभी अडकवायचा पाइपचा सांगाडा) सांगतो, 30 वर्षं गोठे फिरलोय आणि बहुतेक ठिकाणी हीच दोन कामं चुकलेली पाहिलीत.

2 फूट खोल गव्हाण मोडायची गरज नाही. आत भर टाकून तळ वर घ्या, गाय जिथं उभी राहते त्याच्यापेक्षा 4 ते 6 इंच वर तळ आला पाहिजे. गाय चरताना जशी मान खाली घालते तशीच गव्हाणीत घातली की लाळ भरपूर सुटते, पचनाला ती लागते. गाईच्या बाजूचा कठडा पावणेदोन फुटाच्या वर नको, वर आडवा पाइप साधारण 4 फुटावर. तळाला गुळगुळीत फरशी लावा. मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या चाऱ्याच्या) आंबटपणानं नुसतं सिमेंट खाल्लं जातं, खड्डे पडतात, त्या खड्ड्यातच तुमची वैरण आंबतीय. एका गाईला 2 ते अडीच फूट जागा धरा, तुमची 40 फूट लांबी पुरून उरते.

हेडलॉकची (गव्हाणीवर गाईची मान अडकवायच्या पाइपची) घाई नको पण पेंड देताना ते कामाचं आहे, दांडगी गाय गरिबाची पेंड खाऊन जाते आणि मग तुम्ही म्हणता हिला कितीबी घाला दूध देत नाही. निदान 6 दुधाच्या गायींपुरतं करा. पेंडीचा हिशोब लिटरमागे 400 ग्रॅम आणि अंगाला दीड किलो, शिवाय 50 ग्रॅम खनिज मिश्रण.

आता खोडा. हा तुम्ही आधी करा असंच म्हणेन, आईचं वाचून काळजीच वाटली. नाकात दोरी घालून ओढलेली गाय पुढच्या वेळी जास्त घाबरते. 2 इंची जीआय पाइप, आतून रुंदी अडीच फूट, लांबी साडेपाच फूट, खांब 2 फूट तरी काँक्रीटमधे. पुढून पण उघडणारं फाटक ठेवा, गाय पुढं सरकून बाहेर पडली पाहिजे, मागं ढकलत काढायची वेळ येऊ नये. जागा दूध काढायच्या वाटेवर घ्या आणि रोज तिथनं नुसती पेंड चारत न्या, म्हणजे खोडा म्हणजे सुई असं तिच्या मनात बसत नाही. खुर साळायला पण वर्षातनं दोनदा तोच उपयोगी पडतो. खाली कोबा गुळगुळीत घोटू नका, ओला असतानाच खाचा पाडा.

आणि ग्रामपंचायतीत विचारून बघा, शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत मनरेगातून गोठ्याचं काम व्हायचं, 2021 च्या निर्णयात 2 ते 6 जनावरांना 77 हजार 188 रुपये धरले होते, त्यात गव्हाण आणि मूत्राची टाकी पण यायची. पैसे नंतर मिळतात, त्या भरवशावर काम अडवू नका.

राजूरकर
आमच्याकडं अकोले तालुक्याच्या पश्चिमेला पाऊस लय, मुक्तसंचार केला आणि पहिल्याच आषाढात गुडघाभर चिखल, दोन गायींना दगडी (कासेची सूज) झाली, एकीचा सड कायमचा गेला. अजून वाईट वाटतं. तुमच्याकडं पाऊस कमी असला तरी मधोमध मुरमाचा उंचवटा करा, उतार बाहेरच्या बाजूला काढा आणि पावसात सगळ्या आत मावतील एवढी जागा पत्र्याखाली पाहिजेच, गाईला 40 स्क्वेअर फूट तरी.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. कुट्टी मशीनच्या पट्ट्यावर जाळी आहे का? माझ्या चुलतभावाची दोन बोटं गेली, पोरं वैरण घालायला जातात. उलट फिरवायचा गिअर असलेलंच मशीन वापरा आणि बटण हाताजवळ घ्या.

पठारावरचा_दूधवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. आई बरी आहे, चालताना थोडं दुखतं. वडलांना हे सगळं वाचून दाखवलं, 40 बाय 14 म्हणजे 560 फूट, 9 गायींना 360 लागतात, म्हणजे शेड वाढवायची गरजच नाही हे त्यांनाच बोटावर मोजून पटलं. जाळी कालच बसवली मशीनला. एक शिंगाची गाय आहे फार मारकी, तिचं काय करू?

गोठेवाली_फलटण
तिला सगळ्यात शेवटी सोडा, बाकीच्यांचं जमल्यावर. नवीन आली की तिचा जोर कमी पडतो. आणि कालवडींची शिंगं पुढच्या पिढीपासून जन्मल्यावर दोन-तीन आठवड्याच्या आतच डॉक्टरांकडून जाळून घ्या, मोठेपणी फार हाल होतात त्यांचे.

पठारावरचा_दूधवाला
ठीक ताई. टाकीचं बांधकाम झालंय, चुना राहिलाय. खोड्याचे खांब काल रोवले, डॉक्टर मंगळवारी येणारेत दोघींना तपासायला, चार दिवसात चालेल का?

जुने_पशुधन_पर्यवेक्षक
नाही. पुढच्या मंगळवारी बोलवा, तोवर रोज पाणी मारा काँक्रीटला. ओल्यात खांब एकदा हलला की कायमचा ढिला राहतो.