नऊ वर्षांनी पुन्हा नाटक, आणि हशा आला की माझी गडबड होते

विंगेतली_खुर्ची

नमस्कार मंडळी. इथे नाटकवाले बरेच आहेत म्हणून विचारते.

नऊ वर्षं मालिकांत काढली. आधी सून झाले, मग जाऊ, शेवटी सासू. तक्रार नाही, घराचे हप्ते त्यातूनच फिटले. दिवाळीनंतर एका दोन अंकी विनोदी नाटकासाठी फोन आला आणि नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, किती हे विचारायच्या आधीच मी हो म्हणून बसले.

भीती होती पाठांतराची. सेटवर सकाळी हातात पानं येतात, दोनदा वाचली की सीन उभा राहतो, आणि टेक ओके झाला की ती वाक्यं डोक्यातून पुसली जातात. पुसावीच लागतात, उद्याच्या पानांना जागा हवी ना. पण तालमींत ते जमलं. आवाजही तिसऱ्या प्रयोगापासून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला लागला.

अडलंय ते भलतीकडेच. हशा.

दुसऱ्या अंकात मी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढते. नवऱ्याची कवळी सकाळपासून हरवलेली असते. झाकण उघडते, आत कवळी. वाक्य एवढंच, "अहो, सापडली. पण ही तुमची नाही." पहिल्या प्रयोगाला यावर असा काही हशा आला की मी दचकले. खरंच दचकले. नऊ वर्षांत माझ्या वाक्यावर कुणी हसलंच नव्हतं! सेटवर कुणी हसलं तर टेक वाया जातो, त्यामुळे सगळे ओठ दाबून उभे. दचकले आणि पुढचं वाक्य घाईघाईने बोलून टाकलं. ती कवळी कुणाची, ते त्याच वाक्यात कळतं. लोकांनी ऐकायसाठी हसणं आवरलं, तरी वाक्य बुडालंच. माझा हशा मीच मारला.

दुसऱ्या प्रयोगाला शहाणपणा केला. पूर्ण शांत होईपर्यंत थांबले. हातात डबा, तोंड उघडं, अगदी पुतळा. मग त्या शांततेत वाक्य पडलं ते दगडासारखं. आत आल्यावर नवऱ्याचं काम करणारा म्हणतो, "ताई, तेवढ्यात मी चहा पिऊन आलो असतो."

आता अकरा प्रयोग झालेत. कधी साधतं, कधी नाही, आणि साधलं तर का साधलं ते कळत नाही. थांबायचं किती? मनात आकडे मोजायचे का?

आणखी एक सांगून टाकते, हसलात तरी चालेल. तिसरी घंटा होते, प्रेक्षागृहातले दिवे उतरायला लागतात, आणि पडद्यापलीकडची ती सगळी कुजबुज एकदम खाली बसते. तेवढं ऐकायला मी रोज विंगेत जाऊन उभी राहते. माझी एंट्री वीस मिनिटांनी आहे.

जुना_गडी

बाई, आकडे मोजू नका. मोजायला लागलात की कान बंद होतात, आणि हे काम कानाचं आहे.

हशाला चढ असतो, माथा असतो, उतार असतो. माथा ओलांडून उतरणीला लागला पण अजून विझला नाही, तिथे तोंड उघडायचं. वाक्याच्या सुरुवातीला एखाददुसरा फुकटचा शब्द ठेवा, "अहो" म्हणा, "म्हणजे बघा" म्हणा. तो बुडाला तरी बिघडत नाही, मागचं महत्त्वाचं कोरडं राहतं. (लेखकाला विचारून हं. काही लेखक स्वल्पविरामालाही जपतात.)

आणि थांबणं म्हणजे थिजणं नव्हे. हातात डबा आहे ना? कवळीकडे बघा, नवऱ्याच्या तोंडाकडे बघा, झाकण लावायला घ्या. बाईचं काम चालू पाहिजे. मोठी हालचाल मात्र नको, प्रेक्षक हसायचं सोडून बघायला लागतो.

तुमचा तो चहावाला त्या वेळी काय करत असतो? नीट बघा. दुसऱ्याच्या हशावर हलणं ही चोरी आहे, आणि बऱ्याच जणांना आपण ती करतोय हे ठाऊक नसतं.

मोकळा_अंक

असहमत. हशासाठी थांबलात की नट दिसतो, पात्र हरवतं. लोक हसोत न हसोत, प्रवेश पुढे गेला पाहिजे.

जुना_गडी

@मोकळा_अंक, संगीत नाटकाच्या काळात वन्समोअर आला की नट तेच पद पुन्हा गायचा आणि कथा सोडली तिथून उचलायचा. पात्र हरवलं म्हणून प्रेक्षक उठून गेल्याचं काही ऐकिवात नाही. समोरच्याला ऐकू न येणारं वाक्य बोलण्यात कसलं आलंय पात्र?

डिमरवाला

मी प्रकाशयोजना ऑपरेट करतो. आम्ही दिवसाआड तोच हशा ऐकतो, म्हणून सांगतो, तो कधीच तोच नसतो.

कोरोनात बंद झालेली नाट्यगृहं २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली तेव्हा निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी होती. तीच वाक्यं, तोच संच, पण हशा तुकड्यातुकड्यांनी यायचा. उजवीकडून एक, मागून दोन. हसणं शेजारच्याच्या खांद्यातून सरकतं बहुतेक, मध्ये रिकामी खुर्ची असली की तिथेच अडतं. नट बिचारे संपलं समजून बोलायचे आणि मागचा तुकडा त्यांच्या वाक्यावर येऊन आदळायचा.

त्यामुळे ताई, प्रयोगाआधी बुकिंगच्या प्लॅनवर नजर टाका. मधल्या रांगा ओस असतील तर उतार ओळखायला जास्त कान द्यावा लागेल. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहासारखी बाल्कनी असेल तर वरचा हशा किंचित मागाहून उतरतो. तोही तुमचाच, येऊ द्या त्याला.

रांग_एच

मी साधा प्रेक्षक. बाकी सगळं ठीक, पण कवळी कुणाची??

विंगेतली_खुर्ची

मंडळी, काल तेरावा प्रयोग झाला.

चहावाला खरंच हलत होता! माझ्या वाक्यावर खांद्यावरचा पंचा झटकायचा. सांगितलं तेव्हा इतका ओशाळला की मलाच वाईट वाटलं. काल तो नुसता डब्याकडे बघत बसला. हशा आला. मी जुन्या गड्यांचं ऐकून झाकण लावायला घेतलं, तर ते बसेना. नाटकात नाही, खरोखरच बसेना. मी डब्याशी झटतेय, तो बघतोय, आणि पहिला हशा उतरता उतरता त्यातूनच दुसरा उठला, संहितेत नसलेला. मग "अहो" म्हटलं. ते बुडालं. पुढचं लख्ख ऐकू गेलं.

लेखकाने "अहो" मंजूर केलंय. दिग्दर्शक म्हणाला, झाकणाचं ठेवा, रोज करा.

आज दुपारच्या प्रयोगाला झाकण पहिल्याच फटक्यात बसलं.

@रांग_एच, तिकीट काढा.